पाभर आणि पडद्यावरचा रणगाडा

सुटीत भाचा आमच्याकडे आला, की दिवसभर त्याचा मुक्काम संगणकापुढे. एके दिवशी मीही खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसलो. खेळ होता 2003 साली निघालेला 'कमांड अँड काँकर : जनरल्स'. त्यात तीन बाजू लढतात. भाचा चीनच्या बाजूचा. वरून अमेरिकेची विमानं आली, तसा त्यानं एक रणगाडा पुढे केला आणि म्हणाला, "मामा, हा बघा, गॅटलिंग."

या गाडीची खोड मोठी मजेदार आहे. तिच्या नळ्या गोल फिरतात. प्रथम मारा सावकाश. मग एकसारखा चालू राहिला, की वेग चढत जातो. मध्ये खंड पडला, की पुन्हा पहिल्यापासून. विमानांवर आणि पायदळावर ती भारी, पण शत्रूचा जाड चिलखताचा रणगाडा समोर आला, की तिचं फारसं चालत नाही. म्हणून भाचा तिला एकटी कधी सोडत नाही.

"अशी गाडी चीनकडे खरोखर आहे का हो?" त्यानं विचारलं. हुबेहूब अशी नाही. चीनच्या 'टाइप 95' या विमानविरोधी गाडीवर 25 मिलिमीटरच्या चार तोफा असतात. पण त्या फिरत नाहीत. फिरत्या नळ्यांची सात नळ्यांची तोफ चीननं केली, ती मुख्यतः जहाजांसाठी. शिवाय आजच्या अशा तोफांना वीज किंवा तसलंच बळ फिरवतं. त्या एवढा वेळ घेत नाहीत. खेळ रंगावा म्हणून तो उशीर मुद्दाम लांबवलेला दिसतो.

आता नळ्या अनेक कशाला? एकाच नळीतून भराभर गोळ्या सुटल्या, तर ती तापते. सहा नळ्या पाळीपाळीनं झाडल्या, तर प्रत्येकीला निवायला उसंत मिळते. ही युक्ती रिचर्ड गॅटलिंग या अमेरिकन माणसाची. त्याचं पेटंट 4 नोव्हेंबर 1862 चं.

शेतकरी मंडळींनी पुढचं लक्ष देऊन ऐकावं. हा गॅटलिंग मूळचा पेरणीयंत्रं करणारा! भात पेरण्याचं यंत्र त्यानं आधी केलं, मग तेच गव्हासाठी बदललं. आपल्या पाभरीच्या चाड्यातून बी खाली नळ्यांत उतरतं ना, तशीच त्याच्या बंदुकीत वरच्या पेटीतून काडतुसं आपल्या वजनानं खाली घसरत, आणि माणूस हातानं दांडा फिरवी.

1877 साली एका पत्रात त्यानं आपला हेतू लिहून ठेवला आहे. एका माणसाला शंभरांचं काम करता आलं, तर मोठ्या फौजा लागणार नाहीत, आणि लढाईत व रोगराईनं कमी माणसं मरतील, असं त्याला वाटलं होतं.

भाच्यानं हात थांबवला. "मग तसं झालं?"

"नाही झालं. 1914 चं महायुद्ध आलं, तेव्हा यंत्रबंदुकाही वाढल्या होत्या आणि फौजाही."

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मामा, तुमची पाभर कुठंय?" गोठ्याच्या आढ्याला टांगली होती. खाली उतरवली, आणि त्यानं मूठभर ज्वारी चाड्यात टाकून पाहिली.