पगारी उमेदवारी आणि आफ्रिकेची रिळं



'उमेदवारी' म्हटलं की आता निवडणूकच आठवते. पण पूर्वी छापखान्यात, गॅरेजमध्ये पोरं उमेदवारी करायची, म्हणजे काम शिकायला राहायची. मी बोलणार आहे त्या जुन्या उमेदवारीबद्दल. क्षेत्र जरा लांबचं आहे: अखिल आफ्रिकी सिनेमाचे संग्रह आणि तिथे क्युरेटर घडवणं. मी हैदराबादेत फिल्मच्या डब्यांची सूची करते, त्यामुळे मला ते तितकंसं लांबचं वाटत नाही.

अखिल आफ्रिकी म्हणजे नुसता आफ्रिका खंड नव्हे. कॅरिबियन बेटं, ब्राझील, लंडन, पॅरिस, जिथे आफ्रिकी वंशाची माणसं नेली गेली किंवा स्वतःहून गेली, तिथला सिनेमाही त्यात येतो. त्यामुळे त्याची कागदपत्रं कुठेही सापडतात. फ्रेंच वसाहतींमध्ये १९३४च्या हुकमामुळे सरकारी परवानगीशिवाय चित्रीकरण करता येत नसे. म्हणून पोलँ व्हिएरा आणि त्यांच्या मित्रांनी १९५५ साली 'आफ्रिक सुर सेन' हा चित्रपट केला तो पॅरिसमध्ये. स्वातंत्र्यानंतरही अनेक चित्रपट फ्रान्समधल्या लॅबमध्ये धुतले गेले आणि निगेटिव्ह तिथेच पडून राहिल्या. ज्या निगेटिव्ह आणि प्रती आफ्रिकेत आहेत, त्यांचे हाल वेगळे. बुर्किना फासोच्या वागाडुगू शहरात १९६९पासून फेस्पाको हा मोठा चित्रपट महोत्सव भरतो. तिथल्या चित्रपट संग्रहालयात सप्टेंबर २००९च्या पुराचं पाणी शिरलं होतं.

लंडनमध्ये जून जिव्हानी यांचा संग्रह आहे. गयानात जन्मलेल्या या बाईंनी १९८०च्या दशकापासून महोत्सवांचे कार्यक्रम आखले आणि पोस्टरं, छायाचित्रं, पटकथा, दिग्दर्शकांच्या बोलण्याच्या ध्वनिफिती असं सगळं जपून ठेवलं. दहा हजारांहून अधिक वस्तू जमल्या. २०२३मध्ये रेव्हन रो या कलादालनात त्यांचं प्रदर्शन भरलं, २०२४मध्ये बाफ्टाने बाईंचा गौरव केला. छान झालं. पण सूची करणाऱ्या बाईच्या डोक्यात दुसराच प्रश्न येतो. अशा संग्रहातल्या एखाद्या फोटोत पाच माणसं उभी असतात, मागे काहीच लिहिलेलं नसतं. ती कोण, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांच्या शेजारी रोज बसून ते लिहून घेणार कोण?

रिळांची दुरुस्ती करता येते. २०१७मध्ये पन्नास आफ्रिकी चित्रपट वाचवण्याचा प्रकल्प सुरू झाला. त्यात युनेस्को आहे, मार्टिन स्कॉर्सेसींची फिल्म फाउंडेशन आहे, आफ्रिकी दिग्दर्शकांचा महासंघही आहे. मेद होंदोंचा 'सोलेय ओ' नव्याने पाहता आला. (हे होंदो पोटासाठी एडी मर्फीला फ्रेंचमध्ये आवाज द्यायचे. सिनेमाचा खर्च असाच निघतो.) रिळांसाठी पैसा उभा राहतो. रिळाशेजारी बसणाऱ्या माणसासाठी मात्र 'अनुभव मिळेल ना' एवढंच उत्तर असतं.

मग कोण येतं? ज्याच्या घरून भाडं येतं तो. लंडनमध्ये सहा महिने बिनपगारी राहू शकणारी कितीशी मुलं सेनेगलहून, जमैकाहून आलेल्या कुटुंबांतली असतील? उस्मान सेम्बेन यांनी १९६८मध्ये 'मंडाबी' केला, वोलोफमध्ये आणि फ्रेंचमध्येही. फ्रेंच ऐकून लिहिलेली नोंद आणि वोलोफ घरात बोलणाऱ्या मुलीने लिहिलेली नोंद सारखी होणार नाही. टोमणा कुठे आहे, बाजारातला माणूस कोणत्या सुरात बोलतोय, ते तिलाच कळेल.

इंदूर, बडोदा, बेळगावात वाढलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. आमच्याकडे गुलबर्ग्याची एक मुलगी आली होती. कानडी, मराठी, दखनी, तिन्ही भाषा तिला यायच्या. डब्यांवरच्या हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या आमच्यात ती एकटीच धडाधड वाचायची. विद्यावेतन नव्हतंच. तिसऱ्या महिन्यात पेइंग गेस्टचं भाडं थकलं आणि ती कॉल सेंटरला लागली. तिच्यानंतरच्या सूचीत 'मजकूर अवाचनीय' असं लिहिलेले डबे आहेत. ते अवाचनीय नाहीत.

शिकायला काय असतं, असं लोक विचारतात. व्हिनेगरचा वास आला की समजायचं, ॲसिटेट कुजायला लागलं. डब्यात निळी पट्टी ठेवायची. ती हिरवी झाली, पिवळी झाली, त्यावरून कोणता डबा आधी थंडाव्यात हलवायचा ते ठरतं. हे पंधरा दिवसांत जमतं. हक्क कोणाकडे आहेत हे शोधणं, दिग्दर्शकाच्या वारसांना फोन करणं, दाखवण्याचं मानधन त्यांच्यापर्यंत पोचवणं, कोणत्या चित्रपटामागे कोणता लावायचा हे ठरवणं, याला वर्ष लागतं. वर्षभर उपाशी राहून कोणी शिकत नाही.

आपल्याकडे पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४पासून आहे. मुंबईची फिल्म हेरिटेज फाउंडेशन २०१५पासून जतनाच्या कार्यशाळा घेते आहे. तिथून पुढे तुमच्यापैकी कोणी अशा जागेसाठी अर्ज केला, भारतात किंवा बाहेर, तर आधी विचारा: महिन्याला किती, आणि त्यात त्या शहरातलं भाडं बसतं का? शिकवणाऱ्याला शिकवण्यासाठी वेळ दिलाय का, की तोही इकडून तिकडे पळतोय? नोंद मी लिहिली तर खाली नाव कोणाचं?

तिसरा प्रश्न विचारायला लाजू नका. बोला, तुमचे प्रश्न घेऊ.