कलम कोणते, हे आधी विचारा

[वरोर, ता. डहाणू, जि. पालघर येथे बौद्ध कुटुंबांच्या सभेत एका वकील बंधूंनी केलेले भाषण]



आज मला कायद्याविषयी बोलावयास सांगण्यात आले आहे. कायदा हा शब्द कानी पडताच आपल्यापैकी पुष्कळांच्या डोळ्यांसमोर न्यायालय उभे राहत नाही. पोलिसांची गाडी उभी राहते. हे तुमचे अज्ञान नव्हे, तो तुमचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. त्या अनुभवाचे मूळ कोठे आहे आणि त्यावर उपाय कोणता, एवढेच आज मला सांगावयाचे आहे.

प्रथम एक घडलेली हकीकत सांगतो. याच किनारपट्टीवरील एक तरुण दागिन्यांच्या डाय कोरण्याचे काम करतो. हा धंदा आपणां सर्वांस ठाऊक आहे. या भागातील कित्येक घरांच्या चुली त्यावर पेटतात. काम घाईचे होते म्हणून तो एके रात्री अकराच्या पुढे घराकडे निघाला. हातात पिशवी, पिशवीत छिन्नी, कानस आणि लहानशी हातोडी. वाटेत पोलिसांनी हटकले. पिशवी उघडून पाहिली आणि म्हणाले, "ही तर घरफोडीची हत्यारे. चल ठाण्यावर."

पहाटे त्याची आई माझ्या दारी आली. मी ठाण्यावर गेलो आणि एकच प्रश्न विचारला, "याला कोणत्या कलमाखाली आणले आहे?" उत्तर मिळाले, "वकीलसाहेब, सूर्यास्तानंतरचे कलम आहे." मी म्हणालो, "ठीक आहे. मग स्टेशन डायरीतील नोंद दाखवा." तेव्हा मात्र कोणी बोलेना. नोंद केलेलीच नव्हती. नोंद नाही म्हणून अटक नाही, आणि अटक नाही म्हणून कारण सांगावयाचे नाही, असा तो हिशेब होता. दहा वाजता मुलाला सोडून दिले. त्याचा एक दिवसाचा रोजगार बुडाला, तो बुडालाच. परंतु त्याहून मोठे नुकसान निराळे झाले. त्या रात्रीपासून तो आपली हत्यारे घरी आणीत नाही. स्वतःच्या कष्टाची साधने हातात घेऊन स्वतःच्या गावच्या रस्त्याने चालण्याची त्याला भीती वाटू लागली.

हे सूर्यास्तानंतरचे कलम म्हणजे काय? १९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमाचे, ज्याला आज महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणतात, त्याचे हे १२२ वे कलम होय. सूर्यास्त आणि सूर्योदय यांच्या दरम्यान गुन्ह्याच्या हेतूने तोंड झाकून हिंडणे, समाधानकारक कारण न सांगता परक्याच्या घरात आढळणे, योग्य कारणावाचून घरफोडीची हत्यारे जवळ बाळगणे, या गोष्टी त्यात शिक्षेस पात्र ठरविल्या आहेत. हत्यारे बाळगण्याचे कारण योग्य होते, हे दाखविण्याचा भारही त्या माणसावरच टाकला आहे. या विचाराचे मूळ फार जुने आहे. इंग्लंडात १८२४ साली भटक्या व बेकार लोकांविरुद्ध जो कायदा झाला, त्यात अशाच तरतुदी होत्या. ज्याला घर नाही, धंदा नाही, तो रात्री बाहेर दिसला म्हणजे चोरच असला पाहिजे, अशी त्या काळच्या धनिकांची समजूत होती.

आता याच सूर्यास्ताचा दुसरा कायदा पाहा. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे ४३ वे कलम सांगते की, अपवादात्मक प्रसंग सोडून कोणत्याही स्त्रीला सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी अटक करता येणार नाही. तसा प्रसंग आलाच तर महिला पोलीस अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन न्यायदंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी घेतली पाहिजे. हे संरक्षण जुन्या संहितेतही २००५ च्या दुरुस्तीने आलेले होते. सूर्यास्त एकच. परंतु गरिबाला अडविणारा सूर्यास्त ठाण्यातील प्रत्येक शिपायाला तोंडपाठ असतो; स्त्रीला राखणारा सूर्यास्त आपल्यापैकी किती भगिनींना ठाऊक आहे? येथेच आपल्या विषयाचे सारे सार आहे.

कायदे जुने होतात, विचित्र होतात, निरुपयोगी होतात. ते प्रत्येक देशात होते. परंतु कायदा जुना असणे हे संकट नव्हे. तो कोणाविरुद्ध जागा होतो आणि कोणासाठी झोपी जातो, हे संकट आहे.

दारूचे उदाहरण घ्या. दारू पिऊ नये, हे पंचशील घेतलेल्या माणसास मी निराळे सांगावयास नको. मी येथे केवळ कायद्याविषयी बोलत आहे. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आजही महाराष्ट्रात अस्तित्वात आहे. त्याच्या नावातील मुंबई जाऊन महाराष्ट्र आले, एवढेच. पूर्वीची संपूर्ण दारूबंदी केव्हाच शिथिल झाली. तरी दारू बाळगावयास, न्यावयास आणि प्यावयास परवाना लागतो, हे तत्त्व कायम राहिले. शहरातील मद्यगृहांच्या पाट्यांवर 'परमिट रूम' हे शब्द तुम्ही वाचले असतील. ते शब्द म्हणजे त्या कायद्याचीच खूण आहे. आत बसलेल्यांपैकी किती जणांच्या खिशात परवाना असतो? आणि त्यांपैकी किती जणांस कोणी विचारतो? मात्र ताडीचे मडके घेऊन चाललेला आदिवासी, दमणहून येताना तलासरीच्या रस्त्यावर एका बाटलीसह सापडलेला मजूर, यांच्याविरुद्ध तोच कायदा अक्षर न अक्षर चालविला जातो. ज्या कायद्यान्वये अर्धे गाव गुन्हेगार ठरू शकते, तो कायदा वस्तुतः गुन्हा ठरवीत नाही. कोणाला धरावयाचे ही निवड तो पोलिसांच्या हाती देतो. आणि निवड करण्याची वेळ आली म्हणजे हात बहुधा दुबळ्याच्याच मानेकडे जातो.

कोणी म्हणेल, असे कायदे रद्द झाले म्हणजे प्रश्न सुटेल. तेही पुरेसे नाही. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि जन्मलेल्या मुलाच्या कपाळी गुन्हेगार हा शिक्का मारला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा संपूर्ण देशात रद्द झाला. म्हणून त्या जमातींवरील संशय रद्द झाला काय? ठिकठिकाणी सराईत गुन्हेगारांविषयीचे नवे कायदे आले आणि जुना संशय नव्या रजिस्टरात उतरला. तुरुंगांच्या नियमावल्यांत तर झाडू कोणी मारावा आणि स्वयंपाक कोणी करावा, हे जातीवरून ठरविणारे नियम स्वातंत्र्यानंतरही टिकून राहिले. एका महिला पत्रकाराने याविरुद्ध दाद मागितली, तेव्हा ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते नियम घटनाबाह्य ठरविले आणि कैद्यांच्या रजिस्टरातील जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश दिला. राज्यघटना अमलात आल्यास तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षे होऊन गेली होती!

दुसरे उदाहरण तर आपल्याच जिल्ह्यातील आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये, म्हणजे पालघर जेव्हा ठाणे जिल्ह्यात मोडत होते तेव्हा, एका मोठ्या राजकीय नेत्याच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. पालघरच्या एका तरुणीने त्या बंदविषयी फेसबुकवर चार ओळी लिहिल्या; तिच्या मैत्रिणीने त्यांस पसंती दर्शविली. एवढ्यासाठी दोघींना अटक झाली. लावलेल्या कलमांत माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-अ हे कलम होते. हे काही इंग्रजांच्या काळातील कलम नव्हते. २००८ च्या दुरुस्तीने ते आलेले होते. त्रासदायक वाटेल असा मजकूर पाठविणे हा गुन्हा, असे त्यात म्हटले होते. त्रास कोणाला व्हावा, किती व्हावा, याला मापच नव्हते. देशभर ओरड झाली, पोलीस अधिकारी निलंबित झाले, खटला पुढे बंद झाला. त्या प्रकरणाने अस्वस्थ होऊन दिल्लीची एक कायद्याची विद्यार्थिनी, श्रेया सिंघल, सर्वोच्च न्यायालयात गेली; आणि २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने ६६-अ हे कलम पूर्णपणे रद्द केले.

यापुढील भाग नीट लक्षात घ्या. कलम रद्द झाले, तरी ठाण्याठाण्यांतून त्याखाली गुन्हे दाखल होतच राहिले. मेलेल्या कलमाखाली जिवंत माणसे आरोपी होत राहिली. रद्द झाल्यानंतरही अकरा राज्यांत १,३०० हून अधिक प्रकरणे दाखल झाल्याची आकडेवारी पुढे न्यायालयापुढे ठेवण्यात आली. अखेर १२ ऑक्टोबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले की, या कलमाखाली कोणावरही खटला चालविता येणार नाही. दिल्लीत कायदा मरतो, त्याची वार्ता ठाण्यापर्यंत पोहोचावयास सात सात वर्षे लागतात. मग ती कोणी पोहोचवावयाची? ज्याला धरले आहे, त्यानेच. "हे कलम रद्द झाले आहे," असे म्हणणारा एक माणूस त्या ठाण्यात उभा राहिला असता, तर कित्येक खटले जन्मासच आले नसते.

आता नाण्याची दुसरी बाजू. आपल्या रक्षणाचे जे कायदे आहेत, त्यांची काय स्थिती आहे? अस्पृश्यता गुन्हा कायदा १९५५ साली झाला. १९७६ साली त्यास नागरी हक्क संरक्षण कायदा हे नाव मिळाले. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा ३० जानेवारी १९९० पासून अमलात आला. त्याच्या ४ थ्या कलमान्वये, आपले कर्तव्य बुद्धिपुरस्सर टाळणारा लोकसेवक स्वतःच शिक्षेस पात्र होतो. २०१८ च्या दुरुस्तीने हेही स्पष्ट झाले की, या कायद्याखाली गुन्हा नोंदविण्यापूर्वी प्राथमिक चौकशीची अट घालता येणार नाही. हे कायदे जुने नाहीत, विचित्रही नाहीत. तरी फिर्याद घेऊन गेलेल्या माणसास काय ऐकावे लागते? "आधी चौकशी करू." "गावातच मिटवा." आणि आपल्यासाठी राखून ठेवलेले खास उत्तर म्हणजे, "तुम्ही तर बौद्ध झालात. आता तुम्हांला हा कायदा कोठून?"

हे उत्तर साफ चुकीचे आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातीचा दर्जा प्रथम केवळ हिंदूंपुरता मर्यादित होता, हे खरे. १९५६ साली शिखांचा त्यात समावेश झाला, आणि धम्मदीक्षेनंतर चौतीस वर्षांनी, १९९० साली, बौद्धांचाही झाला. म्हणून आज अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्या माणसाचे संरक्षण कायम आहे. अनुसूचित जमातीच्या दर्जास तर धर्माची अटच नाही. तेव्हा १९९० पूर्वीचा कायदा सांगून तुम्हांस परत पाठविणारा अधिकारी मेलेलाच कायदा चालवीत आहे, हे ओळखा. जातीचा दाखला आणि धर्मांतराची कागदपत्रे, दोन्ही घरी जपून ठेवा.

झोपलेला कायदा जागा कसा करावयाचा, हा धडा परमपूज्य बाबासाहेबांनी आपणांस महाडला दिला. सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले असावेत, हा बोले यांचा ठराव मुंबई कायदे मंडळाने १९२३ साली मंजूर केला होता. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला होता. कागदावर सर्व काही होते. परंतु २० मार्च १९२७ रोजी माणसे प्रत्यक्ष तळ्यावर जाऊन ओंजळभर पाणी प्याली, तेव्हा त्या ठरावात प्राण आला. त्यानंतरही न्यायालयात दहा वर्षे झगडावे लागले. मार्च १९३७ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला. बाबासाहेब तळ्यावरही गेले आणि न्यायालयातही गेले. यांपैकी एक गोष्ट केली नसती, तर दुसरी अपुरी राहिली असती.

म्हणून घरी जाताना चार गोष्टी बरोबर न्या.

पहिली, पोलिसांनी अडविले तर धावू नका, हुज्जत घालू नका, शांतपणे विचारा, "साहेब, कोणता कायदा आणि कोणते कलम?" उत्तर लिहून घ्या.

दुसरी, अटक केली असेल तर तिची कारणे तुम्हांस कळविलीच पाहिजेत, असे राज्यघटनेचे २२ वे कलम सांगते. ही कारणे लेखी आणि आरोपीस समजेल अशा भाषेत असावीत, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्व गुन्ह्यांच्या बाबतीत स्पष्ट केले आहे. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे, आणि घरच्या माणसाला कळविले पाहिजे.

तिसरी, फिर्याद घेऊन गेलात तर तिची प्रत मोफत मिळणे हा तुमचा हक्क आहे. फिर्याद घेत नसतील तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज पाठवा आणि पोचपावती ठेवा. तेथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्याकडे जा.

चौथी, वकिलाला पैसे नाहीत म्हणून गप्प बसू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्यान्वये अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, स्त्रिया आणि कोठडीतील माणसे यांस मोफत वकील मिळतो. त्यांच्या बाबतीत उत्पन्नाची अट नाही.

पोलीस हा आपला शत्रू आहे, असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. त्याच्याही अंगावर जुन्या वहिवाटीचे ओझे असते, आणि कित्येक शिपाई आपल्याच घरांतून गेलेले आहेत. परंतु ज्याला कोणी प्रश्न विचारीत नाही, तो अधिकार नेहमी सोप्या वाटेने जातो, आणि आजवर ती सोपी वाट आपल्या वस्तीतूनच गेली आहे.

त्या डाय कोरणाऱ्या मुलाला मी परवा भेटलो. त्याला मी कलम १२२ एका कागदावर मराठीत लिहून दिले, आणि त्याखाली त्याच्या कारखानदाराकडून दोन ओळींची चिठ्ठी लिहून घेतली की, ही हत्यारे कामाची आहेत. तो कागद त्याने घडी करून खिशात ठेवला. आपली छिन्नी आणि कानस पुन्हा घरी आणावयास त्याने प्रारंभ केला, तर मी समजेन की, माझी वकिली काही अगदीच वाया गेली नाही.

जय भीम.