भोपळ्याला आधी विचारा
(पेण-रोहा परिसरातील उन्हाळी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



पाऊस सुरू झाला की उकिरड्यावर आंब्याच्या कोयी रुजतात. कोंब फुटलेली कोय घ्यायची, वरचे कवच काढायचे, आतल्या दळाची एक बाजू दगडावर घासायची आणि फुंकायचे. पेणपासून रोह्यापर्यंतच्या निम्म्या माणसांनी तरी ही पिपाणी वाजवून घरच्यांची बोलणी खाल्ली असतील. दोन दळांमधल्या फटीतून हवा गेली की त्यांच्या कडा थरथरतात. सनईच्या पत्तीचे काम तत्त्वतः हेच. तरी आपण कोयीला खेळणे म्हणतो आणि सनईला वाद्य. का? तर कोय दोन दिवसांत सुकते आणि तिच्यावर यमन वाजत नाही. पहिली तक्रार मला मान्य आहे. दुसरी अजिबात नाही.

रानात सापडलेल्या वस्तूंतून वाद्य करू पाहणारे बहुतेक जण पहिल्याच दिवशी मोबाइलवर पेटीचा सूर लावून बसतात. बांबूला सा-रे-ग-म पाठ करायला लावतात. बांबू ऐकत नाही, मग माणूस कंटाळतो. माझे म्हणणे उलट आहे. आधी त्या वस्तूत कोणता सूर आहे तो ऐकावा, मग हत्यार उचलावे.

बांबूचेच घ्या. साधारण 33 सेंटीमीटर पोकळी असलेली, एका टोकाला पेराने बंद नळी काठावरून फुंकली, तर पांढरी एकच्या आसपासचा सूर निघतो. तेच पेर फोडून दोन्ही टोके मोकळी केली की सूर जवळपास एक सप्तक वर जातो. नळी तीच, फुंकर तीच. शिवाय हवा 20 अंशांवरून 35 अंशांवर गेली की सूर जवळजवळ अर्धा अर्धस्वर चढतो. म्हणजे माघातल्या सकाळी जुळवलेला संच वैशाखातल्या दुपारी पेटीशी भांडणार. संचातल्या नळ्या मात्र सगळ्या मिळून चढतात, त्यामुळे आपसात त्यांचे बिनसत नाही. पेटी बाजूला ठेवा, भांडण मिटते.

हे उत्तम जाणतात ते तारपा घडवणारे. आपल्या उत्तरेला, जव्हार-डहाणूच्या पट्ट्यात, वारली, कोकणा आणि इतर आदिवासी समाजांत हे वाद्य आहे. वाळलेला भोपळा हा त्याचा हवेचा साठा. त्यात बांबूच्या दोन नळ्या, प्रत्येक नळीला बांबूचीच कोरलेली जीभ, सांधे मेणाने बुजवलेले आणि पुढे ताडाच्या पानाचा कर्णा. एकही वस्तू वाण्याकडून आणावी लागत नाही. जव्हारजवळच्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा स्वतःचा तारपा स्वतः घडवून वाजवतात. वाजवणारा गाल फुगवून हवा साठवतो आणि त्याच वेळी नाकाने श्वास घेतो, त्यामुळे सूर तुटत नाही. नळीची लांबी आणि जिभेची जाडी जशी, तसा त्या तारप्याचा सूर. नाच त्याच्या मागे जातो. कोणी पट्टी विचारत नाही.

आपल्या शास्त्रीय संगीताची मिजास मोठी, पण त्याचाही पाया भोपळाच. मिरजेचे तंबोरे ज्या भोपळ्यांतून घडतात ते पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. आणि लांब कशाला जायचे? पेणहून पनवेलला जाताना पळस्पे फाटा लागतो. त्या पळस्प्यात रुद्रवीणावादक झिया मोहिउद्दीन डागर यांचे गुरुकुल आहे. त्यांनी रुद्रवीणेचे भोपळे आणि दांडी मोठी करून घेतली, कारण त्यांना ध्रुपदाच्या संथ आलापासाठी खर्ज आणि लांबणारा नाद हवा होता. एवढ्या जुन्या वाद्यावर प्रयोग झाला आणि त्याने परंपरा बुडाली नाही, हे आपल्याकडच्या शुद्धतावाद्यांना जरा ऐकवायला हवे.

असे प्रयोग परदेशातही झाले. अमेरिकेत संगीतकार हॅरी पार्च यांनी 1964 मध्ये निलगिरीच्या फांदीवर भोपळे आणि घंटा बांधून एक वाद्य केले. व्हिएन्नात 1998 पासून भाज्यांची वाद्ये करणारा वाद्यवृंद आहे. कार्यक्रमानंतर श्रोत्यांना सूप मिळते. आपल्या आयोजकांनी चहाच्या पुढे विचार करावा!

आता ज्यांचे हात शिवशिवत असतील त्यांच्यासाठी. शिरीषाच्या वाळलेल्या शेंगा सध्या झाडाखाली मिळतील. त्या काही न करताच वाजतात. बांबू मात्र आत्ता तोडू नका. पावसाळा संपून थंडी पडली की तोडा, तेव्हा भुंगा कमी लागतो. कडू भोपळ्याचे बी मृगाला लावा. फळ वेलावरच पिकू द्या, देठ वाळेपर्यंत हात लावू नका. पुढे पूर्ण वाळून आत बी खुळखुळले की तोंड कापा, पाणी भरून काही दिवस ठेवा, गर कुजला की खडे घालून हलवा आणि ओता. पाणी फार कडू असते, तोंडात जाऊ देऊ नका. बी मात्र आधीच काढून ठेवा. पुढच्या मृगाला लागेल, आणि तोवर दोन करवंट्यांत घालून त्याचा खुळखुळा होईल.