आधी ड्यूटीची यादी



परिचारिकांच्या या अधिवेशनाचं अध्यक्षपद तुम्ही मला दिलंत. आता थेट विषयाकडे वळते.

बालरुग्ण विभागात पहाटे तीनला एक मूल जातं. सिस्टर नळ्या काढते, त्याचा चेहरा पुसते, आईला धरून बाकावर बसवते, कागद भरते. साडेतीनला ती शेजारच्या खाटेवरचं सलाइन बदलत असते. 'दहा मिनिटं बस, चहा घे, वॉर्ड मी बघते,' असं म्हणायला दुसरं कुणी ड्यूटीवरच नसतं. वर्षानुवर्षं असं चाललं की एरवी मायेनं बोलणारी हीच बाई रुग्णाला खाटेच्या नंबरानं ओळखू लागते, नातेवाइकांवर खेकसते. घरी जाताना बसमध्ये तिला धस्स होतं, बारा नंबरचं इंजेक्शन दिलं की राहिलं? पुढे कधीतरी खरंच राहतं आणि तिच्या हाती कारणे दाखवा नोटीस पडते.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली आपल्या रोग-वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत याच खचण्याची, म्हणजे बर्नआउटची, नोंद केली, पण आजार म्हणून नव्हे. कामाच्या जागचा ताण दीर्घकाळ नीट न हाताळल्यामुळे येणारी अवस्था, असं तिथे म्हटलं आहे. पार गळून जाणं, कामातून मन उडणं आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं, ही तिची तीन अंगं. थोडक्यात, दुखणं सिस्टरला होतं, पण त्याचं मूळ ड्यूटीच्या यादीत असतं. म्हणूनच योगवर्ग भरवायचे आणि डबल ड्यूटी चालूच ठेवायची, हे मला मान्य नाही. योगाशी माझं भांडण नाही. पण भारतीय परिचर्या परिषदेचा निकष शिक्षण रुग्णालयाच्या सामान्य वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका असा आहे, आणि रात्री एकटीनं अख्खा वॉर्ड सांभाळणाऱ्या कितीतरी जणी या सभागृहात बसल्या आहेत.

आता सुट्टीचं बघा. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारली. रविवारची सुट्टी मिळायला १० जून १८९० उजाडावा लागला. झगडून मिळवलेली ती सुट्टी आज वॉर्डातून आलेल्या एका फोनवर जाते. 'अमकी आली नाही, तू येतेस का?' याला 'नाही' म्हणणारीवर कामचुकार असा शिक्का बसतो. इन्चार्ज सिस्टरांनो, तुमच्यावरही वरून दडपण असतं, हे मी जाणते. तरीही तो शिक्का आपणच मारतो, तो आपणच थांबवू शकतो.

ज्यांना आजच मदत हवी आहे, त्यांनी टेली मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. तो चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. उपचार घेतले तर ती माहिती गुप्त राहण्याचा हक्क मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ ने दिला आहे. नोकरीवर गदा येईल या भीतीनं गप्प राहू नका.

खुल्या अधिवेशनात मी तीन मागण्यांचा ठराव मांडणार आहे. ड्यूटीची यादी महिनाभर आधी लावावी. वॉर्डात मृत्यू झाल्यावर त्या सिस्टरला अर्धा तास मोकळं करावं, आणि त्यासाठी प्रत्येक पाळीत एक जादा परिचारिका द्यावी. ऑफच्या दिवशी बोलावलं तर बदली ऑफ त्याच आठवड्यात, लेखी द्यावा. ठरावावर बोलायला वॉर्डात काम करणाऱ्या सिस्टरांनी पुढे यावं, अशी माझी विनंती आहे.