बोट बंद पडली तर आणणार कोण?

हेडफोन लावले असतील तर आवाज जरा कमी करा, कारण आजचा विषय कानठळ्या बसवणारा आहे. रिमोटवर चालणाऱ्या पेट्रोल बोटी. इंटरनेटवर शोधाल तर 'गॅस बोट' असं दिसेल. आमच्या आईने ते वाचून आधी विचारलं, "सिलिंडर कुठे बसवणार?" आई, अमेरिकेत पेट्रोललाच गॅस म्हणतात.

मी कॉम्प्युटरचा बीटेक, पुण्यात कोड लिहितो. नावाला इंजिनिअर, पण इंजिन म्हणून कधी उघडलेलं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी दिवाळीत गावी गेलो, देवगडकडे. पाऊस संपला की आमच्याकडे आंब्याच्या बागेत गवत काढायचं काम असतं. काकांचा जुना ग्रासकटर पडवीत पडला होता. दांडा वाकलेला, इंजिन मात्र ठणठणीत. २६ सीसी, टू-स्ट्रोक. काका म्हणाले, "घेऊन जा तुला हवं तर."

आता गंमत बघा. पेट्रोल बोटींचा हा छंद जगभर अशाच इंजिनांवर उभा आहे. झेनोआ या जपानी कंपनीचं बोटीसाठीचं प्रसिद्ध इंजिन २६ सीसीचंच. कारण साधं आहे. ग्रासकटर आपण आडवा, तिरका, कसाही धरतो, तरी तो बंद पडत नाही. त्याच्या कार्बोरेटरमध्ये मोटरसायकलसारखा फ्लोट नसतो, रबरी पडदा असतो, त्याला डायफ्राम म्हणतात. लाटांवर आपटणाऱ्या बोटीला नेमकं हेच लागतं. शिवाय स्पार्कसाठी बॅटरी नको, फ्लायव्हीलमधलं चुंबक ते काम करतं.

पण उचलून बोटीत ठेवलं असं होत नाही. बोटीच्या पोटात वारा खेळत नाही, म्हणून इंजिन पाण्याने थंड करावं लागतं. मी सिलिंडरभोवती ॲल्युमिनियमची बारीक नळी गुंडाळली. पंखा म्हणजे प्रोपेलर, त्याच्या मागे एक छोटी नळी पाण्यात. बोट पळाली की पाणी आपोआप आत ढकललं जातं, फिरून बाजूच्या भोकातून बाहेर पडतं. ती धार दिसतेय तोवर ठीक. धार थांबली की लगेच थ्रॉटल सोडायचा.

आणखी एक, हे नीट ऐका. ग्रासकटरमध्ये क्लच असतो, म्हणून इंजिन सुरू असलं तरी पातं लगेच फिरत नाही. बोटीसाठी तो क्लच काढतात. मग दोरी ओढली की पंखा फिरलाच! आणि त्याच्या कडा धार लावलेल्या असतात. म्हणून बोट स्टँडवर, धरायला दुसरा माणूस, आणि पंख्याच्या रेषेत कुणीही उभं राहायचं नाही.

पेट्रोलमध्ये ऑइल २५ला १, म्हणजे लिटरला ४० मिली. आपल्या पेट्रोलमध्ये आता इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं आणि तो रबरी पडदा खराब करतं. म्हणून खेळून झालं की टाकी रिकामी करायची आणि कार्बोरेटर कोरडा होईपर्यंत इंजिन चालवायचं. पण पाण्याबाहेर काही सेकंदच हं, तिथे थंड करायला काही नसतं.

प्लाय आणि इपॉक्सीची सव्वा मीटरची बोट बनवायला मला वर्ष गेलं. पुढच्या डिसेंबरात गावाबाहेरच्या तलावावर पहिली फेरी. काका, दोन चुलत भाऊ, अर्धी वाडी बघायला. आणि बोट पळाली हो! मागे पाण्याचा मोठा तुरा, आवाज डोंगरावर आपटून परत येतोय. दोन मिनिटं मी हवेत होतो.

मग फुल थ्रॉटलवरच वळवली. बोट स्वतःच्याच लाटेवर चढली आणि उलटली. इंजिनात पाणी, ॲन्टेना पाण्याखाली. २.४ गिगाहर्ट्झचे सिग्नल पाण्यात टिकत नाहीत, त्यामुळे रिमोटचा उपयोग शून्य. काठापासून साठेक मीटरवर पालथी बोट तरंगत होती.

मी चप्पल काढली आणि शिरलो. पोहता येतं ना मला! निम्म्या वाटेत पाय शेवाळ्यात अडकले. सोडवायला गेलो तर अजून गुंतले. तोंडात पाणी गेलं आणि हातपाय ऐकेनात. चुलतभावाने गाडीतला दोर फेकला, दुसऱ्यांदा हाताला लागला. काठावर मी थरथरत बसलेलो. काका ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "बोट काय, उद्या गावतली. तू खंय गावतलस?"

तासाभराने वाऱ्याने ढकलत ढकलत बोट स्वतःच समोरच्या काठाला लागली. आत फोम भरलेला होता, ती बुडणारच नव्हती. मी फक्त थांबायला हवं होतं.

ऑफिसात मी रोलबॅकचा प्लॅन नसेल तर एक ओळ प्रॉडक्शनला जाऊ देत नाही. आणि इथे? बोट बंद पडली तर आणायची कशी, हा विचार वर्षभरात एकदाही केला नव्हता.

आता माझा क्रम ठरलेला आहे. आधी वारा बघतो, तो बोटीला कुठल्या काठाला नेईल ते ठरवतो. गळाच्या दोरीला टेनिस बॉल बांधून नेतो, बोटीच्या पलीकडे फेकला की दोरी अडकते, हळूच ओढून घ्यायची. काठावरच रिमोट बंद करून बघतो, थ्रॉटल आपोआप खाली येतो की नाही. त्याला फेलसेफ म्हणतात. पाण्यात गुरं किंवा पोरं असतील तर त्या दिवशी बोट गाडीतून उतरत नाही. आणि सोबत कुणी नसेल तरीही नाही.

इंजिनाचं काय झालं? प्लग काढून, दोरी ओढून पाणी बाहेर काढलं, ऑइल घातलं, त्याच संध्याकाळी चालू केलं. वेळ लावला असता तर बेअरिंग गंजले असते. ते इंजिन आजही चालतंय. काका आता दर डिसेंबरला तलावावर येतात, आणि बोटीआधी विचारतात, "दोर आणलास मां?"

तर मंडळी, यंदा कुणाच्या पडवीत जुना ग्रासकटर दिसला, तर आधी दोर घ्या. भेटू पुढच्या भागात.