लेकरू घरी आणायचं, ते कसं?

(देगलूरच्या बैठकीतील भाषण)



जमिनीच्या बैठकीत लेकरांचा विषय कशाला, असं काहींनी विचारलं. आम्ही म्हणतो, विषय एकच आहे. पट्टा नाही, शेतावर पोट भरत नाही, म्हणून आपण दिवाळीनंतर कोयता घेऊन निघतो. लेकरू मागं राहतं. कुणाचं आश्रमशाळेत, कुणाचं बालगृहात.

या दोन जागा एक नाहीत. आश्रमशाळा ही शाळा आहे, सुट्टीत सांगून लेकरू घरी आणता येतं. बालगृहातलं लेकरू मात्र जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीच्या आदेशानं तिथं असतं. म्हणून बालगृहाच्या दारात भांडून उपयोग नाही. अर्ज नांदेडला समितीकडं करायचा, पोच घ्यायची.

2015 चा बाल न्याय कायदा सांगतो, लेकराची पहिली जबाबदारी घरच्यांची. संस्था हा शेवटचा उपाय. समिती घरची चौकशी करायला माणूस पाठवते. त्या दिवशी घराला कुलूप नको. माय-बाप कारखान्यावर असतील तर आजी, मावशी, चुलत्यानं पुढं यावं. कोण सांभाळणार, शाळा कुठं, हे सरळ सांगावं. लेकराचं म्हणणंही ऐकलं जातं.

देगलूर सीमेवरचं गाव. लेकरू तिकडं निजामाबादला सापडलं, तरी घरचा पत्ता लागल्यावर तिथल्या समितीनं ते आपल्या जिल्ह्याच्या समितीकडं पाठवायचं असतं. तशी मागणी लेखी करा.

न वाचता अंगठा देऊ नका. समर्पणाचा कागद असेल तर फेरविचाराला फक्त 2 महिने मिळतात. पुढं लेकरू दत्तक जाऊ शकतं.

आणि लेकरू आलं म्हणजे काम संपलं असं नाही. चार वर्षं बाहेर राहिलेलं पोर गोंडी, कोलामी विसरतं, जंगलाला भितं. त्याला हसू नका. आठवड्यानं, महिन्यानं त्याच्या घरी जाऊन बसा, शाळेत नाव लागलं का बघा. बाप नाही, माय नाही, अशा लेकराला बालसंगोपन योजनेत महिना 2250 रुपये मिळू शकतात. त्याचा अर्ज भरून द्या.

वनहक्काचे दावे आपण ग्रामसभेत एकेक करून लिहिले. तसंच बाहेर असलेल्या प्रत्येक लेकराचं नाव वहीत लिहा: कुठं आहे, कधीपासून, शेवटचं कोण भेटलं. 2006 च्या कायद्यानं पट्टा वारसाला जातो. तो वारसच घरी नसेल, तर आपण जमीन कुणासाठी मागतोय?