तेल कमी केलं, तरी चरबी का वाढली?

आम्ही चेण्याच्या बचत गटातून बोलतो आहोत. गटाच्या बैठकीत एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो: "ताई, घरात तेल मोजून वापरतो, तरी रिपोर्टमध्ये कोलेस्टेरॉल वाढलेलंच. असं का?"

बायांनो, कारण दर वेळी कढईतच असतं असं नाही. कधी ते मूत्रपिंडात, म्हणजे किडनीत असतं.

किडनी ही शरीराची गाळणी. गाळणी फाटली की चहात भुकटी उतरते ना? तसंच किडनी बिघडली की रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन लघवीतून गळू लागतं. लघवीला फेस येतो. अल्ब्युमिन रक्तातलं पाणी धरून ठेवतं. ते कमी झालं की सकाळी डोळ्यांभोवती आणि पायांवर सूज दिसते.

आता हे अल्ब्युमिन तयार करतं यकृत, म्हणजे लिव्हर. गळती भरून काढायला ते जोमानं कामाला लागतं. त्या धांदलीत ते चरबी वाहून नेणारे कणही जास्त बनवतं. रक्तातली चरबी हटवण्याचं कामही मंदावतं. म्हणून कोलेस्टेरॉल चढतं.

मधुमेह किंवा रक्तदाबामुळे किडनी हळूहळू निकामी होते, तेव्हा बहुधा ट्रायग्लिसराइड वाढतं आणि चांगलं कोलेस्टेरॉल घटतं. त्याचा भार हृदयावर पडतो. किडनीच्या रुग्णांना हृदयविकाराचा धोका मोठा असतो, तो यामुळेही.

मग करायचं काय? मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तर वर्षातून एकदा लघवीतलं अल्ब्युमिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन तपासून घ्या. लोणचं, पापड, सुकी मासळी यांतलं मीठ आवरा. अंगदुखीच्या गोळ्या मनानं घेऊ नका. डाळ, अंडी, मासे वाढवायचे की कमी करायचे, हे डॉक्टरांनाच विचारा. सुरू असलेली गोळी मध्येच सोडू नका. डायलिसिसची वेळ आलीच, तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची चौकशी करा.

आणि शेवटचं. नवऱ्याच्या, मुलांच्या आजारपणासाठी आपण गटातून कर्ज उचलतो. स्वतःची तपासणी मात्र "बघू पुढच्या महिन्यात" म्हणत राहते. किडनीचा आजार सुरुवातीला दुखत नाही, म्हणून तो थांबलेला नसतो. पुढच्या बैठकीत हप्त्याच्या वहीशेजारी तपासणीचीही वही ठेवू या. पहिलं नाव आपापलं लिहू या.